फुटबॉलचा नियम बदलायचाय? आधी बेलफास्टमध्ये जन्म घ्या

गोव्यात फुटबॉलचा एकही नियम सुचवला नाही असा माणूस अजून जन्माला यायचाय. म्हापशाच्या बाजारात, पेडण्याच्या बसमध्ये, तावेर्नातल्या बाकड्यावर, सगळीकडे नियमांची दुरुस्ती जोरात चालू असते. एकाला थ्रो-इन पायाने मारून हवा. दुसऱ्याला ऑफसाइड मुळातून उपटायचा आहे. तिसऱ्याच्या मते बरोबरी झाली की पेनल्टी मारत बसण्यापेक्षा कोणाला किती कॉर्नर मिळाले ते मोजावं. सूचना एकापेक्षा एक. त्या नेऊन द्यायच्या कुठे, एवढंच कोणी सांगत नाही. म्हणून हे मार्गदर्शन. फुकट आहे, तेव्हा कुरकुर नको.

पहिली गोष्ट, जन्म. इथे चुकलात की पुढे कितीही घाम गाळा, उपयोग नाही. खेळाचे नियम फिफा ठरवते हा तुमचा गैरसमज आहे. ते ठरवतं आयफॅब नावाचं मंडळ. १८८६ साली इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स आणि आयर्लंड या चौघांच्या संघटनांनी मिळून ते काढलं. फिफा निघाली १९०४ साली आणि तिला या मंडळात जागा मिळाली १९१३ मध्ये. आज तिथे आठ मतं आहेत. चार या चौघांची, प्रत्येकी एक. उरलेली चार फिफाची, म्हणजे २११ सदस्य संघटनांची मिळून चार. त्या २११ मध्ये इंग्लंड, स्कॉटलंड वगैरे मंडळी पुन्हा आहेतच, दोन्ही पंक्तींना जेवायला. नियम बदलायचा तर आठातली सहा मतं लागतात. पाच विश्वचषक जिंकलेल्या ब्राझीलला स्वतःचं मत नाही. १९५८ नंतर थेट २०२२ मध्ये विश्वचषकाला पोचलेल्या वेल्सला आहे.

यात आपलं नशीब बघा. साडेचारशे वर्षं राज्य झालं, तेही पोर्तुगालचं! फुटबॉलवेडा देश, रोनाल्डोचा देश, पण मताच्या बाबतीत आपल्याइतकाच कोरडा. आणि उत्तर आयर्लंड? वस्ती १९ लाखांच्या आसपास, म्हणजे गोव्याला आणखी दोन-तीन तालुके जोडले की झालं. आयर्लंडची फाळणी झाली, डब्लिनवाल्यांनी १९२१ मध्ये वेगळी संघटना काढली, मत मात्र उत्तर आयर्लंडच्या राजधानीला, बेलफास्टलाच राहिलं. भाऊ वेगळे निघाले की देवघर ज्याच्या वाट्याला जातं त्याच्याकडेच सगळ्यांनी चवथीला जायचं, तसं.

खेड्यातल्या गोलरक्षकाचं कोण ऐकतो, असं मात्र म्हणू नका. ऐकतात. पेनल्टी किक ही अशाच एका गोलरक्षकाची कल्पना. विल्यम मॅक्रम, गाव मिलफर्ड, बाप कापडगिरणीचा मालक. त्याची सूचना आयरिश संघटनेने पुढे नेली, आधी तिची टिंगल झाली आणि १८९१ मध्ये ती नियमांत आली. तेव्हा गाव खेडं असायला काही हरकत नाही. ते आयर्लंडात असावं आणि वडिलांची गिरणी असावी, बस्स.

जन्म होऊन गेला असेल तर दुसरा मार्ग: आर्सेनलचं प्रशिक्षकपद २२ वर्षं सांभाळा. आर्सेन वेंगर यांनी सांभाळलं, १९९६ ते २०१८. आता ते फिफात आहेत आणि आक्रमक खेळाडूच्या अंगाचा एखादा भाग जरी बचावपटूच्या रेषेत असला तरी तो ऑनसाइड धरावा, ही त्यांची सूचना गेली काही वर्षं जगभर चर्चेत आहे. आमच्या गावचा एक निवृत्त मास्तर हेच कित्येक वर्षं सांगतोय. त्याच्याशी फक्त त्याची बायको चर्चा करते.

हँडबॉलचा नियम समजून घ्यायच्या भानगडीत पडू नका.

पडलातच तर तारखा पाठ ठेवा. २०१९ मध्ये ठरलं की चेंडू चुकून हाताला लागला आणि त्यातून गोल झाला, तर गोल नाही. २०२० मध्ये हात नेमका कुठे सुरू होतो ते ठरलं: काखेच्या खालच्या टोकापाशी. २०२१ मध्ये ठरलं की चुकून लागलेला हात सोबत्याचा असेल तर गोल चालेल, गोल मारणाऱ्याचा स्वतःचा असेल तर नाही. मैदानाबाहेरून ‘हँड रे हँड!’ ओरडताना आपण नक्की कुठल्या सालाचं ओरडतोय हे माहीत असलेलं बरं.

खेळाडूला दहा मिनिटं बाहेर बसवणाऱ्या निळ्या कार्डाविषयी बोलायचं असेल तर घाई करा. २०२४ च्या फेब्रुवारीत ते येणार येणार म्हणून गाजलं आणि मार्चमध्ये फिफाच्या अध्यक्षांनी ते येणार नाही असं सांगून टाकलं. आमच्या ग्रुपवर अजून येतंय.

आता वेळकाढूपणा. या विषयावर सूचना करायची असेल तर आधी वेळ म्हणजे काय ते शिकून घ्या, कारण मी नुकताच शिकलोय.

१ मार्च २०२५ ला आयफॅबची वार्षिक सभा उत्तर आयर्लंडमध्ये भरली. तिथे ठरलं की गोलरक्षकाने चेंडू हातात आठ सेकंदांपेक्षा जास्त ठेवला तर समोरच्या संघाला कॉर्नर. शेवटचे पाच सेकंद पंच हात वर करून बोटांवर मोजून दाखवणार. जुना नियम सहा सेकंदांचा होता, पण त्याची शिक्षा होती गोलाच्या तोंडाशी इनडायरेक्ट फ्री किक. एवढी मोठी शिक्षा देणार कोण? म्हणून पंच ती देतच नसत. मग वेळ थोडी वाढवली, शिक्षा थोडी सौम्य केली, म्हणजे ती दिली तरी जाईल. हिशेब बरोबर आहे. नियम वाईट नाही, हे आत्ताच सांगून टाकतो, नाहीतर खाली कोणीतरी मला शिकवायला येईल. गंमत एवढीच की त्याच १ मार्चला इंग्लंडमध्ये एफए कपात बोर्नमथ आणि वुल्व्हजचा सामना चालू होता आणि एक गोल धरायचा की नाही हे व्हिडिओवर ठरवायला पंचांना जवळपास आठ मिनिटं लागली. आठ सेकंदांचा नियम झाला त्या दिवशी आठ मिनिटं. खेळाडू उभे, प्रेक्षक उभे.

असो. हा नियम आमच्या गावापर्यंत कसा पोचला ते ऐका.

भात कापून झालं की आमच्या तालुक्यात शेतात गोल उभे राहतात आणि गावागावांच्या स्पर्धा सुरू होतात. अशाच एका स्पर्धेत आमची टीम फायनलला. सामना चारचा. चार वाजले, साडेचार वाजले. मुख्य अतिथी ‘निघालेत’. दोन्ही संघ उन्हात रांगेत. मुख्य अतिथी आले, प्रत्येकाचा हात हातात घेतला, प्रत्येक हाताबरोबर फोटो झाला, मग भाषण, मग देणगी देणाऱ्यांची नावं, मग एक नाव राहिलं म्हणून पुन्हा पहिल्यापासून. किकऑफ झाला तेव्हा पाच वाजून गेले होते. अंधार पडेल म्हणून दोन्ही हाफ कापून लहान केले. कोणाला विचारून? विचारू नका, आपल्याकडे अशा गोष्टींना मतदान लागत नाही.

गोलरक्षक माझ्या चुलतभावाचा मुलगा. फार्मा कंपनीतली रात्रपाळी करून आलेला. शून्य-शून्य, शेवटची काही मिनिटं, चेंडू त्याच्या हातात. समोरच आमचा स्टॉपर पायात गोळा येऊन आडवा पडलेला. पोरगा पंचांकडे बघून ओरडतोय की तो पडलाय, तो पडलाय. पंचांनी हात वर केला आणि पाच बोटं दाखवली. पोराला वाटलं पाच मिनिटं राहिली म्हणून सांगतायत. त्याने मान डोलावली. पंच एकेक बोट मिटत गेले, हा तिथेच उभा, समाधानाने चेंडू आपटतोय. शिट्टी. कॉर्नर!

कॉर्नरचा चुना एव्हाना पायाखाली पुसून गेलेला, झेंड्याच्या जागी झावळीचा दांडा. तिथून मारला, हेडर, गोल, खलास.

मी समितीच्या मंडपात गेलो. तिथल्या माणसाने वर न बघता सांगितलं, “पात्रांव, फिफाचो नेम तो. आमी कितें करपाचें?”

फिफाचा नेम! अरे बाबा, आदल्याच दिवशी सेमीफायनलला दुसरे पंच होते. तिथे समोरच्या गोलरक्षकाने चेंडू उराशी धरून अर्धं आयुष्य काढलं, तेव्हा फिफा कुठे होती? लाइन्समन म्हणून आदल्या फेरीत हरलेल्या टीमची दोन पोरं झेंडे घेऊन उभी होती, ऑफसाइड झाला की एकमेकांकडे बघत होती, तेव्हा फिफा कुठे होती? प्रवेशाचा फॉर्म दोन पानी. खेळाडू त्याच गावचा पाहिजे, आधार कार्डाची झेरॉक्स पाहिजे, बाहेरचा सापडला तर टीम बाद, मोजे एका रंगाचे. आणि शेवटी ठळक अक्षरांत ‘पंचांचा निर्णय अंतिम राहील’. यंदा गोलरक्षकाचा नियम बदललाय, एवढी एक ओळ त्यात कुठेही नाही. सामन्याआधी दोन गोलरक्षकांना बाजूला घेऊन अर्धं मिनिट सांगितलंही नाही. वेळ नव्हता. मुख्य अतिथींना हार घेऊन निघायचं होतं ना.

आठ सेकंद! तासाहून जास्त वेळ सगळ्यांना ताटकळत ठेवलेल्या माणसाला शाल आणि आठ सेकंद चेंडू धरलेल्या पोराला शिक्षा. त्या हिशेबाने मुख्य अतिथींच्या विरोधात किती कॉर्नर होतात ते कोणीतरी काढा, मला राग येऊन गणित येत नाही.

आणि आता सल्ले बास. सरळ सांगतो.

नियमांचं ते पुस्तक आयफॅब फुकट वाटतं. फोनवर उतरवून घेता येतं. त्यात पंचांनी नियमाबरोबर खेळाची भावनाही पाहावी असं पाचव्या नियमातच लिहिलंय. खेळाडू समोर आडवा पडला असताना बोटं मोजणारा पंच कसली भावना पाहत होता? मुलांच्या, प्रौढांच्या आणि गावपातळीच्या सामन्यांसाठी मैदानाचा आकार, खेळाची वेळ, बदली होऊन बाहेर गेलेल्या खेळाडूला पुन्हा आत घेणं, असल्या गोष्टी राष्ट्रीय संघटनांना बदलता येतात, हेही त्यात आहे. म्हणजे लांब बसलेल्या त्या आठ मतवाल्यांनीसुद्धा गावच्या शेताचा थोडाफार विचार करून ठेवलाय. आमच्या समितीने तो वाचलेला नाही. त्यांनी व्हॉट्सअपवरचा व्हिडिओ पाहिला.

त्या आठ मतांना शिव्या घालणं सोपं आहे. मीही वर घातल्याच. पण आपल्या हाताशी जे होतं त्याचं आपण काय केलं? २०१६ मध्ये देशातल्या लीगची रचना दिल्लीत बदलायला घेतली तेव्हा निषेध म्हणून साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा आय-लीगमधून बाहेर पडले, पाठोपाठ धेंपो. धेंपो, पाच वेळा देशाचा विजेता क्लब! आपण काय केलं? चार दिवस हळहळलो आणि एफसी गोवाची केशरी जर्सी घालून फातोर्ड्याच्या स्टेडियमवर सेल्फी काढायला गेलो. २०२५ च्या एप्रिलमध्ये आपल्याच गोव्याच्या चर्चिल ब्रदर्सला आय-लीगचा करंडक दिला आणि जुलैमध्ये लोझानच्या क्रीडा लवादाने विजेतेपद इंटर काशीचं असं ठरवलं. लवाद बरोबर की चूक, तो भाग सोडा. स्वतःच्या लीगचा विजेता कोण हे ज्या देशाला स्वित्झर्लंडमधून कळतं, तिथले आपण ऑफसाइडच्या जागतिक धोरणावर रात्री अकरापर्यंत भांडतो. गावची स्पर्धा कोण घेतो, पैसे कुठे जातात, पंच कोण नेमतो, यावर एक शब्द नाही. कारण समितीत आपलाच भाचा असतो, आपलाच शेजारी असतो, आणि वाईटपणा कोणी घ्यायचा?

तर समितीतल्या भाच्यांनो आणि शेजाऱ्यांनो, साउंडवाल्याला जेवढे देता त्याच्या निम्मे द्या आणि शिकलेले दोन लाइन्समन आणा. कुठल्या वर्षीच्या नियमांनी खेळायचं ते फॉर्मवर लिहा. सेमीफायनलला जो नियम, तोच फायनलला लावा. दोन्ही गोलरक्षकांना आणि कॅप्टनना सामन्याआधी बोलावून पंचांना बोलू द्या, मराठीत, कोंकणीत, हातवारे करून, कसंही. आणि मुख्य अतिथींना पत्रिका देतानाच सांगा की सामना चारला आहे, चारला सुरू होईल, उशीर झाला तर हाफटाइमला या आणि हात लांबूनच हलवा.