बंद फ्लॅटवाल्याची बाजू

कोथरूडच्या आमच्या सोसायटीत यंदाच्या वार्षिक सभेपुढे एक ठराव येतोय. जे फ्लॅट वर्षभर बंद असतात त्यांच्याकडून दुप्पट मेंटेनन्स घ्यावा. त्यात माझाही एक. ग्रुपवर मसुदा पडला आणि खाली अनुमोदनाची रांग लागली. 'परदेशात बसून इथले भाव चढवतात.' 'आमची पोरं हिंजवडीहून रोज दोन तास लोंबकळत येतात आणि यांची कुलपं गंजतायत.' 'डॉलरवाल्यांना काय फरक पडतो?' माझा डॉलर कॅनडाचा आहे आणि त्यात व्हँकुव्हरचं घरभाडं भागवताना माझी काय दमछाक झाली होती, हे तिथे लिहून उपयोग नव्हता. मी गप्प बसलो आणि रात्रभर मनातल्या मनात उत्तरं देत राहिलो.

पहिलं उत्तर अर्थातच घायकुतीला येऊन दिलेलं. मी मेंटेनन्स वर्षाचा आगाऊ भरतो. लिफ्ट वापरत नाही, उन्हाळ्यातल्या टँकरचं पाणी वापरत नाही, माझा कचरा शून्य. माझ्या पार्किंगमध्ये कोणाची तरी दुसरी गाडी सुखाने उभी असते. यावर मी जास्त पैसे भरायचे?

पण माझा राग खरा वेगळ्याच गोष्टीचा आहे. उद्या मी हाच फ्लॅट भाड्याने दिला तर हीच सोसायटी माझ्याकडून नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस, म्हणजे भाडेकरू ठेवल्याबद्दलचा जादा आकार, घेईल. २००१ पासून त्यावर सेवाशुल्काच्या १० टक्क्यांची मर्यादा आहे, म्हणजे रक्कम चिल्लर. हेतू बघा मात्र. घरात माणूस आणून ठेवला तर जादा पैसे, कुलूप लावून ठेवलं तर काही नाही. महापालिकाही त्याच सुरात. पुण्यात मिळकतकरातली ४० टक्के सवलत स्वतः राहणाऱ्याला. भाडेकरू ठेवला की ती गेली. शिवाय मी अनिवासी, म्हणून भाडेकरूने कर कापणाऱ्याला लागणारा टॅन नंबर काढून माझ्या भाड्यातून तीस टक्क्यांच्या वर टीडीएस कापायचा. कोणता भाडेकरू हे करेल? वर सोसायटीच्या अटी आहेतच: बॅचलर नकोत, मुली एकट्या नकोत, नॉनव्हेज नको, आडनाव जरा विचारून घ्या. इतकी चाळणी लावल्यावर खाली पडायला कोण उरतं?

इथे व्हँकुव्हरला जानेवारीत असेसमेंटचं, म्हणजे घराच्या सरकारी किमतीचं, पत्र येतं आणि पाठोपाठ डिक्लेरेशनची आठवण. व्हँकुव्हर शहरात ज्याच्या नावावर घर आहे त्या प्रत्येकाने, मग तो त्याच घरात राहत असला तरी, महापालिकेला दरवर्षी सांगायचं की गेल्या वर्षात निदान सहा महिने इथे कोणी राहत होतं की नाही. नाही सांगितलं तर घर रिकामं धरतात, आणि रिकाम्या घरावर कर लावतात. २०१७ साली हा कर सुरू झाला तेव्हा घराच्या सरकारी किमतीच्या १ टक्का होता, आता ३ टक्के आहे. प्रांत सरकारचं डिक्लेरेशन वेगळं, ते मार्चअखेर. मी दोन्ही चहा पिता पिता भरतो. घरमालक वारलाय, नूतनीकरण चालू आहे, मालक वृद्धाश्रमात आहे, अशांना सूट आहे. 'मुलगा परदेशात आहे, कधीतरी परत येईल' या कारणाला नाही.

आणि पुण्याच्या सोसायटीतल्या काकांना हे जरूर सांगावंसं वाटतं की इथेही बिल्डिंगवाल्यांची तीच खोड होती. भाडेकरू नकोत किंवा फार तर चार-पाच, असे नियम स्ट्राटा, म्हणजे इथली सोसायटी, करू शकायची. ज्यांना फ्लॅट भाड्याने द्यायचा त्यांनी आपला नंबर लागायची वाट बघायची. नोव्हेंबर २०२२ मध्ये प्रांत सरकारने एका कायद्याने असे सगळे नियम रद्द केले. आमच्या मजल्यावरच्या आजीबाईंनी तेव्हा भाकीत केलं होतं की आता लॉबीत सायकली येतील आणि लिफ्टला मसाल्यांचा वास येईल. सायकली आल्या. वास माझ्यामुळे आधीपासूनच होता.

हे सगळं मी धाकट्या बहिणीला फोनवर मोठ्या तोऱ्यात ऐकवलं. ती म्हणाली, "दादा, मग तिकडे भाडी उतरली का?" त्या करामुळे तरी उतरली नाहीत. कर आला त्या वर्षी अडीच हजारांवर घरं रिकामी निघाली होती, पुढे तो आकडा खाली आला, भाडी मात्र कित्येक वर्षं आपल्या गतीने चढत गेली. हेस्टिंग्ज स्ट्रीटच्या फुटपाथवर माणसं झोपतात ती झोपतातच. आणि लिटल माउंटन या इथल्या वस्तीचा विषय तर काढूच नये. २००९ मध्ये तिथली सरकारी भाड्याची २२४ घरं जवळजवळ सगळी पाडली, माणसं उठवली आणि त्या जागेचा मोठा भाग दशकाहून जास्त काळ गवत वाढवत पडून राहिला. मी बसमधून तिथून जायचो तेव्हा मला पुण्याची आठवण यायची. हे बहिणीला सांगितलं नाही.

तरीही मुद्दा सोडत नाही. २०११ च्या जनगणनेत देशातल्या शहरांत १ कोटी १० लाखांच्या आसपास घरं रिकामी सापडली. २०१७-१८ च्या आर्थिक पाहणीत एकट्या मुंबईची ४ लाख ८० हजार दिली होती, देशात सर्वांत जास्त. ही सगळी काय आम्हा परदेशस्थांची आहेत? बिल्डरांची न खपलेली आहेत, तीन-तीन फ्लॅट घेऊन ठेवलेल्या डॉक्टर-वकिलांची आहेत. सरकारने गरिबांसाठी बांधलेली एक लाखाहून जास्त घरं रिकामी पडलीत म्हणून २०२० मध्ये ती भाड्याने द्यायची योजना केंद्राला काढावी लागली. कामधंद्यापासून मैलोन्मैल लांब बांधल्यावर तिथे राहायला कोण जाणार? ग्रुपवर यावर एक अक्षर नाही. शिव्या खायला आम्ही आहोतच.

कोण राहतं, कोण नाही, हे शोधायला सोसायटीच्या सेक्रेटरीने कुलपं मोजत फिरायची गरजही नाही. व्हँकुव्हरने कर लावण्याआधी २०१६ साली विजेच्या वापराचे आकडे तपासले आणि वर्ष-वर्ष बंद असलेली १० हजार ८०० घरं काढली, त्यातले बहुतेक फ्लॅट. महावितरणकडे हे आजच आहे. माझ्या फ्लॅटचं बिल दरमहा ईमेलवर येतं: वापर शून्य युनिट, खाली स्थिर आकार. मी ते इमानाने भरतो.

मावसभाऊ महिन्यातून एकदा जाऊन नळ सोडतो. आधी तांबूस पाणी येतं, मग स्वच्छ. फ्लश करून येतो, नाहीतर वास कोंडतो. फ्रिजचं दार वर्तमानपत्राची घडी घालून उघडं ठेवलंय. ओट्याखाली आईचे डबे आहेत, एकावर तिच्या अक्षरात 'भाजणी' लिहिलेली पट्टी. देव्हाऱ्यातले देव बहिणीने नेले, देव्हारा भिंतीवर आहे. मावसभाऊ व्हिडिओ कॉल लावून प्रत्येक खोलीत फोन फिरवतो आणि मी इथे सकाळी सात वाजता ब्रश करत माझं घर बघतो.

भाड्याने का देत नाही, असं कोणी विचारलं की मी भाडेकरूने घर बळकावल्याच्या गोष्टी सांगतो. त्या आईच्या काळातल्या आहेत, १९४७ च्या भाडे कायद्याच्या आणि पागडीच्या. १९९९ च्या कायद्याने लीव्ह अँड लायसन्सवर दिलेलं घर मुदत संपल्यावर परत मिळवायची सोय केलीय. मुदतीनंतरही जो हटत नाही त्याला दुप्पट भरपाई पडते. हे मला पाठ आहे. खरं कारण असं की त्या घरात दुसऱ्याचा गॅस आला, दुसऱ्याचे कपडे दांडीवर वाळायला लागले, की पुण्यात माझं काय उरलं? पुण्याला गेल्यावर रिक्षावाल्याला पत्ता सांगायचा तो कोणाच्या घरचा? इथे मला नागरिकत्व मिळून बरीच वर्षं झाली. परत जायचं आहे असं आम्ही नवरा-बायको अजून बोलतो, मुलांसमोर मात्र बोलत नाही, कारण ती हसतात.

म्हणून मी सोसायटीला लिहिणार आहे की ठराव मागे घ्या. मेंटेनन्स सगळ्यांना सारखाच लागतो. तो कोणावर राग काढण्यासाठी नाही. त्याऐवजी भाडेकरूवरचे जादा पैसे आणि बॅचलरबंदी काढून टाका, आणि बंद घरांवर कर हवा असेल तर तो महापालिकेकडे मागा, बिल्डरसकट सगळ्यांवर. मी विरोध करणार नाही.

एक हिशेबही मांडून बघितलाय, तो पत्रात घालणार नाही. फ्लॅट कोटीचा धरला तर १ टक्का म्हणजे वर्षाला १ लाख. तेवढे मी भरीन, कुरकुरत भरीन, आणि कुलूप तसंच ठेवीन. इथल्यासारखा ३ टक्के लागला तर ३ लाख, आणि बायकोला ते सांगायच्या आधीच मी मावसभावाला एजंटचा नंबर विचारलेला असेल.