‘काळी माती’ यांच्या प्रतिक्रियेला उत्तर: सोंगणी, फोड आणि विहिरीची खोली

हातापायाला येणाऱ्या फोडांचं यंत्रशास्त्र सांगणारा माझा मागचा लेख बऱ्याच जणांनी वाचला. लोखंड जसं छोट्या छोट्या झटक्यांनी ‘थकून’ तुटतं, तशीच कातडीही हिसक्यांनी थकते आणि फोड येतो, असं त्यात म्हटलं होतं. त्यावर ‘काळी माती’ या नावानं एक प्रतिक्रिया आली आहे. बाकीच्यांना संदर्भ लागावा म्हणून ती जशीच्या तशी देतो:

“लेख वाचला. कातडी म्हणजे लोखंड नव्हे. लोखंडाला रात्र नसते, कातडीला असते. रात्रीत ती भरून येते. तुमच्या समीकरणात ही रात्र कुठे आहे? फोडातला द्रव डर्मिसच्या खाली साचतो हे चूक. सुईनं टोचून पाणी काढायचा सल्ला शुगरच्या पेशंटला घातक आहे, त्याबद्दल एक ओळ नाही. आणि एसीत बसून, ज्यानं आयुष्यात कधी सोंगणी केली नाही, अशा माणसानं फोडावर गणित मांडणं म्हणजे न पोहता विहिरीची खोली सांगणं.”

प्रतिक्रिया वाचली त्याच रात्री एक उत्तर लिहिलं होतं. ते टाकलं नाही. हे दुसरं आहे, आणि त्यापेक्षा सौम्य आहे.

जे मान्य आहे ते आधीच सांगून टाकतो. ‘डर्मिसच्या खाली’ हे चुकलंच. फाट पडते ती डर्मिसच्या (कातडीच्या आतल्या जाड थराच्या) वर, एपिडर्मिसच्या (बाहेरच्या थराच्या) मधल्या काटेरी पेशींच्या थरात, आणि पाणी त्याच फटीत भरतं. लेख लाइट गेल्यावर मोबाइलवर पुरा केला होता, तेव्हा वर-खाली झालं. ओळ दुरुस्त केली आहे. आपण लक्षात आणून दिलंत, आभारी आहे.

आता एसी. आमच्या स्टाफरूममध्ये एसी नाही. वाळ्याच्या ताट्यांचा एक कूलर आहे. त्याची मोटर एप्रिलात जळते आणि पाऊस पडल्यावर दुरुस्त होऊन येते. यवतमाळ जिल्ह्यातला मे महिना ज्यांनी काढला आहे त्यांना यापुढचं सांगायची गरज नाही.

राहिलं शेवटचं वाक्य. खरं सांगतो, बाकी सगळं मी हसून सोडलं असतं. पण ‘आयुष्यात कधी सोंगणी केली नाही’ हे आपण कशावरून ठरवलंत? लेखात दोन समीकरणं होती म्हणून? शेतकऱ्याच्या पोरानं पॉलिटेक्निकात स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्स शिकवायला घेतलं की त्याचे हात आपोआप मऊ होतात, असं काही आहे का? माझं नाव, गाव, तालुका सगळं या पानावर आहे. आपलं फक्त ‘काळी माती’ आहे. काळी माती तर आमच्याकडेही आहे, दारव्ह्याच्या रस्त्याला लागून साडेचार एकर.

मी नववीत होतो. दसऱ्याच्या आधीचे दिवस. सोयाबीन वाळून शेंगा तडकायला आल्या होत्या, रोज दुपारी ढग भरून यायचे आणि उक्ती सोंगणी घेणारी टोळी दुसऱ्याच्या वावरात अडकलेली. बाबांनी माझ्या हातात इळा दिला. बाभळीची मूठ, वापरून वापरून काचेसारखी झालेली. डाव्या हातानं झाडं कवेत घ्यायची, उजव्यानं बुडाशी इळा ओढायचा. मिनिटाला 20 हिसके धरा, दोन तासांत 2400 झाले. साधारण तेवढ्यातच अनामिकेच्या बुडाशी आधी चटका जाणवायला लागला, मग टोचल्यासारखं. धुऱ्यावर भाकर खायला बसलो तेव्हा तळहातावर नुसता एक पांढुरका, ढिला डाग होता. पाणी नव्हतं. पाणी भरलं ते दिवस कलताना.

हा क्रम लक्षात घ्या: आधी फाट, मग पाणी. पुष्कळांना वाटतं की घासून कातडी झिजते आणि खालून पाणी येतं. तसं नाही. वरचं कातडं शाबूत असतं, तेच तर फोडाचं छप्पर. आत फट पडते आणि मग पुढच्या तासा-दोन तासांत रक्तातल्या पाण्यासारखा, पण कमी प्रथिनांचा द्रव तिच्यात झिरपतो. पुस्तकात हे मी फार नंतर वाचलं. हातावर आधी पाहिलं होतं. आपल्याच भाषेत सांगायचं तर पोहून आलेलं ज्ञान आहे हे.

बाबांनी हात पाहिला आणि एवढंच म्हणाले, “एवढी आवळून काहून धरून राह्यला? मूठ ढिली धर.” आता या वाक्यात गणित नाही असं कोणी म्हणावं? घर्षणाचं बल जास्तीत जास्त किती, तर घर्षणांक गुणिले दाब. दाब कमी केला की कातडी ज्या जोरानं ओढली जाते तो जोरही कमी. अमॉन्टनचा नियम बाबांनी धुऱ्यावर बसून सांगितला, फक्त नाव घेतलं नाही. मी लेखात जे समीकरण लिहिलं ते हेच आहे हो. त्यात एसीची हवा कुठे लागली?

फोड घासण्यानं येतो असं आपण सगळेच बोलतो, पण खरा गुन्हेगार घसरणं नसून न घसरणं आहे. करून पाहा. डाव्या हाताच्या पाठीवर उजवं बोट दाबून धरा आणि बोट घसरू न देता पुढे-मागे करा. कातडी बोटाबरोबर जाते, हाड जागच्या जागी राहतं. इळा धरताना हेच उलटं होतं: कातडी मुठीला चिकटून थांबते आणि आतलं हाड प्रत्येक हिसक्याला पुढे-मागे जातं. दोघांच्या मधल्या मांसाला आणि कातडीच्या थरांना ही उलटसुलट ओढ, म्हणजे कातर, सोसावी लागते. मूठ चटकन घसरली असती तर आत इतका ताण गेलाच नसता.

म्हणून घाम वाईट. नेलर या त्वचातज्ज्ञानं 1955 साली माणसांच्या कातडीवर घासण्याचे प्रयोग केले, नंतर 1966 साली सुल्झबर्गर आणि त्याच्या सोबत्यांनी केले. कोरड्या कातडीपेक्षा दमट कातडी जास्त धरून ठेवते. पार ओली झाली की ती पुन्हा घसरायला लागते; त्रास मधल्या दमटपणाचा. गुळगुळीत झालेली जुनी मूठ हाताला बरी असं वाटतं, पण घामेजल्या हाताला तीच जास्त चिकटते, कारण कातडी तिच्यावर पूर्ण टेकते. बाया इळ्याच्या मुठीला चिंधी गुंडाळतात ते उगाच नाही. घसरायचं ते कापडावर कापड घसरतं. शेगावची पालखी परतताना खामगावहून पायी जाणाऱ्यांच्या टाचा पाहा. बुटात पाणी गेलं, मोजे दमट राहिले आणि तसंच चालत राहिले, त्यांचीच गत वाईट होते. दोन पातळ मोजे एकावर एक घालणारे त्यातल्या त्यात सुखी, कारण मोज्यावर मोजा सरकतो.

(हे सगळं मूळ लेखात होतं. पण आपण बहुधा समीकरण दिसल्यावर पुढे वाचायचं थांबवलंत.)

आता विहीर. तुमची उपमा मला आवडली, म्हणून तिच्यावर दोन शब्द. आमच्या वावरातल्या विहिरीची खोली मोजायला कोणीही कधी पोहलेलं नाही. दोराला दगड बांधायचा, तळाला टेकेपर्यंत सोडायचा, वर घेऊन ओली बाजू हातांनी मोजायची. पोहणाऱ्याला पाणी किती गार आहे ते कळतं, खोली कळत नाही. तो वरच्या वर हात मारून बाहेर येतो. मॉडेल, म्हणजे माझ्या लेखातलं गणित, हा दोर आहे. आणि मी तर पोहलेलोही आहे, वर सांगितलंच. तेव्हा उपमा देताना जरा जपून द्या.

‘कातडी म्हणजे लोखंड नव्हे.’ हे वाक्य तुम्ही असं टाकलंत जसं काही मला ते पहिल्यांदा कळतंय. ‘थकवा’ हा शब्द माझ्या पदरचा नाही. कोमेश यांनी 1973 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात फोडाचं कारण म्हणून एपिडर्मिसचा थकवाच मांडला होता, आणि ते त्वचेचे डॉक्टर होते, मेकॅनिकलचे मास्तर नव्हते. थकवा म्हणजे काय, तर एका झटक्यात जे तुटत नाही ते हजार छोट्या झटक्यांत तुटतं. एकोणिसाव्या शतकात व्होलर नावाचा जर्मन इंजिनिअर रेल्वेच्या धुऱ्यांचा अभ्यास करत होता (आमच्या बसायच्या धुऱ्याचा नव्हे, डब्याखालच्या आसाचा), तेव्हा त्यानं हेच दाखवलं. कातडीवरही तसंच दिसतं: घर्षण जास्त असेल तर कमी हिसक्यांत फोड येतो, कमी असेल तर जास्त हिसके लागतात. साम्य एवढंच आहे आणि मी एवढंच म्हटलं होतं.

लोखंड आवडत नसेल तर वाकळ घ्या. माझी माय जुन्या लुगड्यांची वाकळ शिवायची: वर एक धड लुगडं, खाली एक धड, मध्ये विरलेल्या चिंध्यांचे थर, आणि सगळ्यांतून जाणारे टाके. वरचं कापड एकानं घट्ट धरलं, खालचं दुसऱ्यानं, आणि दोघं उलट्या दिशांना हिसके देत बसले, तर वरचं लुगडं फाटत नाही, खालचंही नाही. मधले टाके निघतात. तळहाताची कातडी अशीच आहे. वर जाड, चिवट, मेलेल्या पेशींचा शृंगी थर. तळाशी चामड्यासारखा डर्मिस. मध्ये जिवंत, मऊ, एकमेकींना टाक्यांनी धरून ठेवलेल्या पेशी. ताण सगळ्यांतून जातो, पण जे मऊ ते जास्त ताणलं जातं. माझ्या मॉडेलमध्ये एकावर एक ठेवलेल्या तीन स्प्रिंगा आहेत, आणि मधली सगळ्यांत लवचीक आहे. बस.

यातूनच कळतं की फोड तळहाताला, तळव्याला, टाचेलाच का येतात. दंडाच्या आतल्या बाजूची पातळ कातडी तितकीच घासून पाहा, फोड येणार नाही, सालटं निघेल. छप्पर धरून ठेवेल असं जाड कवच तिथं नाहीच. हे उत्तर इतकं साधं असेल असं मॉडेल मांडेपर्यंत मलाही वाटलं नव्हतं. एखादं चित्र काढून लोकांना दाखवावं, त्यावर चर्चा व्हावी, एवढीच अपेक्षा होती. चर्चा काय झाली तर माझा एसी.

रात्रीचं म्हणाल तर लेख एका दिवसाच्या कामाबद्दल होता. एका दिवसात रात्र येत नाही. शिवाय ‘रात्रीत भरून येते’ हेही ढोबळ आहे. फोडाच्या तळाच्या पेशी जोरात विभागायला 24 तास लागतात, वरचा कणमय थर पुन्हा दिसायला 48 आणि नवा शृंगी थर बनायला सुमारे 120. म्हणजे पाच दिवस. एका रात्रीत ती भरून येत नाही. माझंच पाहा, त्या फोडावर तिसऱ्या दिवशी मी चिंधी बांधून पुन्हा इळा धरला, आणि दिवाळीपर्यंत त्याच जागी घट्टा पडला होता. त्यानंतर त्या बोटाला सोंगणीत कधी फोड आला नाही. (हे माझ्या तीन स्प्रिंगांत बसत नाही, ठाऊक आहे. नुकसानीची नुसती बेरीज करत गेलं तर घट्टा कधी पडायलाच नको. त्यावर कधीतरी वेगळं लिहीन.)

सुईचं शेवटी. मी लिहिलं होतं की फोड फार ताणला असेल आणि चालणं अशक्य असेल तर स्वच्छ सुईनं कडेला टोचून पाणी काढावं, वरचं कातडं मात्र ओरबाडू नये. वरचं कातडं ठेवावं असंच सहसा सांगतात. आमच्या वावरात सोंगायला येणारी एक म्हातारी तर टोचूही देत नसे; म्हणायची, “फोडू नोको बापू, तो आपोआप बसते. कातडं त्याचं झाकण हाये.” तिला कोणी विचारलं नाही की बाई, तू एपिडर्मिस वाचलास का.

शुगरचा मुद्दा लेखाच्या विषयाबाहेरचा होता. यंत्रशास्त्रावरच्या लेखात प्रत्येक आजाराची सूचना द्यायची तर लेख उरत नाही. तरीपण आमच्याच घरात दोन माणसं शुगरच्या गोळ्या घेतात आणि त्यातल्या एकाला पायाला लागलेलं संध्याकाळपर्यंत कळत नाही, म्हणून मूळ लेखात आज एक वाक्य वाढवलं आहे: शुगर असलेल्यांनी पायाचा फोड स्वतः टोचू नये, डॉक्टरला दाखवावा. ज्यांच्या सांगण्यावरून ते टाकलं त्यांचं नाव लिहिलेलं नाही, कारण त्यांनी ते दिलेलंच नाही.