‘ठराव घ्या आणि गाव स्वतंत्र राष्ट्र करा’ या संदेशाचा प्रतिवाद

गडचिरोली आणि चंद्रपूर जिल्ह्यांतील गावांमध्ये सध्या एक लांबलचक संदेश मोबाइलवरून फिरतो आहे. त्याचा आशय असा: कोणत्याही गावाने ग्रामसभा बोलावून, स्वतःची घटना लिहून आणि स्वतःचा प्रमुख निवडून ‘आम्ही स्वतंत्र राष्ट्र आहोत’ असा ठराव केला, की त्या गावाला सरकारी कायदे, कर, वीजबिल आणि बँकेचे कर्ज लागू होत नाही. इंग्लंडजवळचे सीलँड, ऑस्ट्रेलियातील हट रिव्हर आणि इटलीतील सेबोर्गा अशीच स्वतंत्र झाली, स्वामी नित्यानंद यांनी जाहीर केलेल्या ‘कैलासा’ या राष्ट्राला तर संयुक्त राष्ट्रांनी मान्यता दिली, राज्यघटनेचा अनुच्छेद १३ आणि आदिवासी भागांच्या कारभाराविषयीची पाचवी अनुसूची यांनी हा अधिकार आपल्याला आधीच दिला आहे, आणि धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) गावाने तो वापरलाही आहे, असे त्यात म्हटले आहे. म्हणून येत्या ग्रामसभेत हा ठराव घ्यावा, मतदान करू नये आणि मतदार यादीतून नावे काढून घ्यावीत, असे आवाहन शेवटी केले आहे.

हा मजकूर पुढे पाठवणारी माणसे अडाणी नाहीत. वनहक्काचा दावा वर्षानुवर्षे कचेरीत पडून राहिलेला, धानाचे चुकारे वेळेवर न मिळालेले, मोहफूल वेचून येणाऱ्या बाईला नाक्यावर अडवलेले ज्यांनी पाहिले आहे, त्यांना ‘आपले राज्य आपणच करू’ हे म्हणणे भिडणारच. ती तक्रार खरी आहे, म्हणूनच तिच्यावर उपाय म्हणून सांगितलेली प्रत्येक गोष्ट तपासून घ्यायला हवी.

सुरुवात हट रिव्हरपासून करतो, कारण ते उदाहरण शेतकऱ्याचे आहे आणि आपल्या भागात तेच सर्वांत जास्त सांगितले जाते. पश्चिम ऑस्ट्रेलियातील लिओनार्ड कॅस्ली या शेतकऱ्याने सरकारने गव्हावर घातलेल्या कोट्याला विरोध म्हणून १९७० मध्ये आपली सुमारे ७५ चौरस किलोमीटर जमीन ऑस्ट्रेलियातून वेगळी झाल्याचे जाहीर केले. नाणी निघाली, टपाल तिकिटे निघाली, पासपोर्टही छापले गेले, आणि ते पाहायला पर्यटक येऊ लागले. संदेशातील गोष्ट इथेच थांबते. पुढची हकिगत अशी की ऑस्ट्रेलियाने हे राष्ट्र कधीही मान्य केले नाही आणि कर तर मुळीच माफ केला नाही. २०१७ मध्ये त्या राज्याच्या वरिष्ठ न्यायालयाने कॅस्ली यांना थकीत करापोटी सुमारे २७ लाख ऑस्ट्रेलियन डॉलर भरण्याचा आदेश दिला, शिवाय त्यांच्या मुलावर वेगळी रक्कम बसली. कॅस्ली २०१९ मध्ये वारले, २०२० मध्ये कुटुंबाने ते राष्ट्र विसर्जित केल्याचे जाहीर केले आणि कर फेडण्यासाठी शेत विकण्याची वेळ आली. पन्नास वर्षांनंतर ज्या घोषणेपायी जमीनच गेली, ती घोषणा कर्जात अडकलेल्या धान उत्पादकाला मार्ग म्हणून दाखवणे ही त्याची क्रूर फसवणूक आहे.

सीलँड म्हणजे ब्रिटिशांनी दुसऱ्या महायुद्धात समुद्रात उभारलेला एक लष्करी मनोरा. रॉय बेट्स यांनी १९६७ मध्ये त्याचा ताबा घेतला, आणि १९६८ मध्ये एका ब्रिटिश न्यायालयाने गोळीबाराच्या खटल्यात आपले अधिकारक्षेत्र तिथे पोहोचत नाही असे म्हटले. त्या निकालालाच संदेशात मान्यता म्हटले आहे. प्रत्यक्षात तो मनोरा तेव्हाच्या तीन सागरी मैलांच्या हद्दीबाहेर होता, निकाल एवढ्यापुरताच होता, आणि १९८७ मध्ये ब्रिटनने आपली हद्द बारा मैलांपर्यंत वाढवली. सीलँडला आजवर एकाही देशाची मान्यता नाही.

सेबोर्गाबद्दल थोडे अधिक लिहायला हवे, कारण निवडणूक आणि घटना यांचा प्रश्न तिथे खरोखर लढवला गेला आहे. उत्तर इटलीतील सुमारे तीनशे वस्तीच्या या गावात फुलांची शेती करणाऱ्यांच्या सहकारी संस्थेचे प्रमुख जॉर्जो कार्बोने यांनी १९६३ पासून असा दावा मांडला की हे गाव इटलीत कधी रीतसर विलीन झालेच नाही. गावाने त्यांना राजपुत्र म्हणून निवडले. १९९५ मध्ये गावाच्या घटनेवर मतदान होऊन ३०४ मते बाजूने आणि ४ मते विरोधात पडली. राजपुत्राचे पद वारशाने मिळत नाही, ते सात वर्षांसाठी मतदानाने मिळते, आणि २०१९ च्या निवडणुकीत नीना मेनेगात्तो या पदावर पहिल्यांदाच एक स्त्री म्हणून निवडून आल्या. हे सगळे खरे आहे. मात्र सेबोर्गाचे रहिवासी इटलीला कर भरतात, इटलीच्या निवडणुकांत मतदान करतात, आणि गावाचा कारभार इटलीच्या कायद्याने निवडलेला महापौर व नगरपालिका पाहते. राजपद कोणाला मिळणार, हे त्यांची स्वतःची निवडणूक ठरवते. पाणी, रस्ता आणि दिवाबत्ती दुसऱ्या निवडणुकीतून ठरते. गावकऱ्यांनी ही दुसरी निवडणूक कधी सोडली नाही.

घटनेचा खेळ किती गंभीरपणे खेळता येतो हे पाहायचे असेल, तर अमेरिकेतील टॅलोसाकडे पाहावे. मिलवॉकी शहरातील रॉबर्ट बेन मॅडिसन या चौदा वर्षांच्या मुलाने १९७९ मध्ये घरातील आपल्या खोलीचे राज्य जाहीर केले. त्यातून पुढे संसद, पक्ष, ठरावीक काळाने होणाऱ्या निवडणुका आणि लिखित घटना उभी राहिली. राजाशी मतभेद होऊन २००४ मध्ये काही नागरिकांनी वेगळे प्रजासत्ताक काढले, आणि २०१२ मध्ये दोन्ही गट पुन्हा एक झाले. त्या चर्चांचे मला मनापासून कौतुक वाटते. घोषणा एका दिवसात होते, पण राजाचे अधिकार किती, मतदार कोण आणि घटना बदलायची तर कशी, यावर माणसे दशकानुदशके भांडतात, हे त्यातून दिसते. मात्र तिथला प्रत्येक जण आपापल्या खऱ्या देशाचा नागरिक राहिला आहे.

कैलासाच्या कथित मान्यतेसाठी दोन ओळी पुरेत. फेब्रुवारी २०२३ मध्ये त्या संघटनेचे प्रतिनिधी जिनिव्हातील संयुक्त राष्ट्रांच्या सर्वांसाठी खुल्या असलेल्या बैठकांना हजर राहून बोलले. त्यांचे म्हणणे विषयाला धरून नसल्याने विचारात घेतले जाणार नाही, असे संयुक्त राष्ट्रांच्या कार्यालयाने त्यानंतर स्पष्ट केले.

आता आपल्या राज्यघटनेकडे येऊ. अनुच्छेद १३ मध्ये ‘कायदा’ या संज्ञेत रूढीचाही समावेश केला आहे, हे संदेशातील विधान बरोबर आहे, पण त्यातून काढलेला निष्कर्ष पूर्ण उलटा आहे. मूलभूत हक्कांशी विसंगत असलेला कायदा विसंगतीपुरता शून्यवत ठरेल, असे हा अनुच्छेद सांगतो. रूढीचा उल्लेख तिला संसदेच्या कायद्याच्या वर बसवण्यासाठी केलेला नाही. रूढीलाही मूलभूत हक्कांच्या कसोटीवर तपासता यावे यासाठी तो आहे. बाईने सभेत बोलू नये अशी एखाद्या गावाची रूढी असेल, तर त्या बाईच्या हाती या अनुच्छेदाने हत्यार दिले आहे. पाचव्या अनुसूचीत एखादा कायदा अनुसूचित क्षेत्राला लागू न करण्याचा किंवा फेरफारांसह लागू करण्याचा अधिकार आहे, परंतु तो राज्यपालांना आहे. ग्रामसभेचे अधिकार संसदेने अनुसूचित क्षेत्रांतील पंचायतींसाठी १९९६ मध्ये केलेल्या पेसा कायद्यातून आणि महाराष्ट्राच्या २०१४ च्या नियमांतून येतात. हे अधिकार मोठे आहेत, पण ते भारताच्या कायद्याचेच अधिकार आहेत.

भूभाग वेगळा करण्याबाबत तर याहून ठळक दाखला आहे. पश्चिम बंगालमधील बेरूबारीचा काही भाग पाकिस्तानला देण्याचा करार खुद्द केंद्र सरकारने केला होता, तेव्हा घटनादुरुस्तीशिवाय तो देता येणार नाही असे मत सर्वोच्च न्यायालयाने १९६० मध्ये दिले आणि त्यासाठी नववी घटनादुरुस्ती करावी लागली. बांगलादेशाशी छिटमहालांची, म्हणजे एकमेकांच्या हद्दीत अडकलेल्या भूभागांची, अदलाबदल करायलाही २०१५ मध्ये शंभरावी घटनादुरुस्ती झाली. देशाचे पंतप्रधान सही करून जे करू शकले नाहीत, ते ग्रामसेवकाच्या इतिवृत्त वहीतील ठरावाने होईल, असे कोणी सांगत असेल तर त्याने त्या ठरावाचे परिणामही सांगायला हवेत. झारखंडमधील खुंटी भागात २०१७-१८ मध्ये पत्थलगडीच्या, म्हणजे ग्रामसभेचे अधिकार कोरलेल्या शिळा गावात उभारण्याच्या, चळवळीच्या वेळी असाच अर्थ लावला गेला आणि शिळा उभारणाऱ्या अनेक आदिवासींवर राजद्रोहाचे गुन्हे दाखल झाले. ते मागे घेण्याचा निर्णय व्हायला डिसेंबर २०१९ उजाडला. आज देशाची एकता धोक्यात आणणाऱ्या कृत्यांसाठी भारतीय न्याय संहितेचे कलम १५२ लागू आहे आणि त्यात जन्मठेपेपर्यंतच्या शिक्षेची तरतूद आहे. संदेश लिहिणाऱ्याचे नाव कुठेच नाही. ठरावाखाली सह्या मात्र गावकऱ्यांच्या असतील.

काही जण या संदेशाला वेगळ्या विदर्भाच्या मागणीची जोड देतात, तेही चूक आहे. ती मागणी भारतीय संघराज्यातील एका राज्याची आहे, तिचा मार्ग अनुच्छेद ३ मध्ये दिलेला आहे, आणि राज्य पुनर्रचनेसाठीच्या फाजल अली आयोगाने १९५५ मध्ये तशी शिफारसही केली होती. जिवती तालुक्यातील परमडोली, मुकादमगुडा ही सीमेवरची गावे कोणाचीच नाहीत, असेही संदेशाच्या एका आवृत्तीत लिहिले आहे. त्या गावांवर महाराष्ट्र आणि तेलंगणा अशा दोन्ही राज्यांचा दावा आहे. तिथल्या लोकांकडे दोन-दोन रेशनकार्डे आहेत आणि ते दोन्ही राज्यांच्या निवडणुकांत मतदान करत आले आहेत. त्यांची अडचण सरकार नसल्याची नसून दोन सरकारे असल्याची आहे.

मेंढा (लेखा) गावाच्या नावाचा असा वापर झालेला पाहून मला सर्वांत जास्त वाईट वाटते. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही या गावाची घोषणा सर्वांना माहीत आहे. संदेशात तिचा फक्त उत्तरार्ध छापला आहे. पूर्वार्धात दिल्ली-मुंबईचे सरकारही आमचेच असल्याचे गाव ठासून सांगते. देवाजी तोफा आणि त्यांच्या गावकऱ्यांनी निस्ताराच्या, म्हणजे घरच्या गरजेपुरते जळण, लाकूड, चारा जंगलातून घेण्याच्या, हक्कापासून सुरुवात केली, अभ्यासगट बसवले, आणि बहुमताने नव्हे तर सर्वसहमतीने निर्णय घेण्याची शिस्त लावून घेतली, म्हणजे एकाचाही आक्षेप असेल तर विषय पुन्हा चर्चेला घ्यायचा. २००६ चा वनहक्क कायदा आला तेव्हा त्यांनी सामूहिक हक्काचा दावा रीतसर दाखल केला आणि २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावरील हक्क मिळवला. त्यानंतरही बांबू विकायला वाहतूक परवाना मिळेना, तेव्हा कायद्यात बांबू हे गौण वनोपज, म्हणजे गावाने गोळा करून विकण्याजोगे जंगलाचे उत्पन्न, आहे या एका मुद्द्यावर ते अडून बसले. २७ एप्रिल २०११ रोजी तत्कालीन केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांनी गावात येऊन परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिले. २०१३ मध्ये सगळी शेतजमीन ग्रामसभेच्या नावे करण्याचा निर्णय झाला, तोही महाराष्ट्राच्या १९६४ च्या ग्रामदान कायद्याखालीच. गोंडपिपरी तालुक्यातील पाचगावने २०१२ मध्ये सुमारे हजार हेक्टरांचा हक्क मिळवल्यावर तेंदूपत्ता तोडणेच बंद केले, कारण त्यासाठी झाडे छाटली जातात आणि जंगलाला आगी लावल्या जातात. हातची मजुरी सोडण्याचा निर्णय गावाने स्वतः घेतला आणि बांबूवर भर दिला. यापेक्षा मोठी सत्ता सीलँडच्या मनोऱ्यावरही नाही.

कर आणि कर्जाबद्दलचा दावा एका कागदाने निकाली निघतो. आपली जमीन आपली आहे याचा पुरावा म्हणजे पटवाऱ्याकडचा सातबारा, आणि जंगलावरचा हक्क म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांच्या सहीचा वनहक्काचा पट्टा. ज्या राज्याने ही कागदपत्रे दिली ते राज्यच आपल्याला लागू नाही असे म्हटले, तर कर्ज बुडत नाही, मालकीचा आधार तेवढा जातो. गावाला कर बसवण्याचा अधिकार हवा असेल तर घरपट्टी आणि पाणीपट्टीच्या रूपाने तो ग्रामपंचायतीला आहेच.

मतदार यादीतून नाव काढण्याचे आवाहन या संदेशातील सर्वांत घातक भाग आहे. राज्यघटनेच्या अनुच्छेद २४३ नुसार ग्रामसभा म्हणजे गावाच्या मतदार यादीत नाव असलेल्या व्यक्तींचा निकाय, आणि पेसा कायद्यातही तीच व्याख्या आहे. नाव काढले की खासदार-आमदारांचे काहीच बिघडत नाही. ज्या सभेत ठराव घ्यायला सांगितले आहे तिचे सदस्यत्व तेवढे जाते. आपल्याकडे वर्षाला किमान चार ग्रामसभा व्हायला हव्यात, आणि मतदारांपैकी १५ टक्के किंवा १०० यांपैकी कमी असेल तेवढ्या लोकांची गणपूर्ती लागते. तेवढीही माणसे न जमल्याने सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसल्याने मूठभर लोक गावाचा आराखडा मंजूर करून टाकतात. वनहक्काच्या सभेला तर निम्मे सदस्य आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश स्त्रिया लागतात. या ठरावासाठी घरोघर सह्या गोळा करत फिरणाऱ्या तरुणांनी त्याच घरांतील बायांना पुढच्या वनहक्क सभेला आणावे, आणि सामूहिक दाव्यासोबत जोडायचा गावसीमेचा नकाशा त्यांच्यासमोर वाचून मंजूर करून घ्यावा.