बालगृह लहान ठेवा, शाळा वाढू द्या

ख्रिस्ती बालगृहांच्या वार्षिक अहवालात पहिल्याच पानावर मुलांची संख्या ठळक छापलेली असते. मागच्या वर्षी चाळीस, यंदा सत्तर. सेवाकार्य वाढलं, असं मंडळीही धरून चालते आणि दानदातेही. मला हा आकडा वाढलेला दिसला की काळजी वाटते. वाढवायची असेल तर शाळा वाढवा. बालगृह लहानच बरं, आणि तिथून किती मुलं आपापल्या घरी परत गेली ते पहिल्या पानावर छापा.

बालगृहातल्या बहुतेक मुलांना आई, वडील, आजी, मामा असं कोणीतरी असतंच. बाप वारला, आई सहा महिने ऊसतोडीला जाते, गावात सातवीच्या पुढे शाळा नाही, म्हणून मूल आपल्याकडे येतं. बायबलमधल्या याकोबाच्या पत्रात (१:२७) अनाथांचा आणि विधवांचा समाचार घ्यायला एकाच दमात सांगितलंय. आपण लेकरू आत घेतो आणि त्याची विधवा आई फाटकाबाहेर राहते. हे अर्धंच काम झालं.

कायदाही हेच सांगतो. २०१५ च्या बाल न्याय कायद्यात संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय आहे. मूल मिळालं की प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत बालकल्याण समितीपुढे न्यायचं. कलम ४१ खाली संस्थेची नोंदणी, ती पाच वर्षांसाठी. नोंदणी नसेल तर प्रमुखाला एक वर्षापर्यंत कैद, किंवा किमान एक लाख दंड, किंवा दोन्ही. 'पाळकसाहेबांच्या ओळखीतलं मूल आहे, आईने स्टँपपेपरवर लिहून दिलंय' हे समितीपुढे टिकत नाही. पाटीवर नुसतं 'वसतिगृह' लिहूनही सुटका होत नाही.

आता गर्दीचं बघा. केंद्राच्या २०१६ च्या आदर्श नियमांत ५० मुलांसाठी २५-२५ ची दोन शयनगृहं, प्रत्येकी १००० चौरस फूट, म्हणजे मुलामागे ४० चौरस फूट धरलेत. दहा मुलांमागे एक न्हाणीघर, सातांमागे एक शौचालय. पाच न्हाणीघरं आणि आंघोळीला दहा मिनिटं धरली तर ५० मुलांच्या आंघोळी १०० मिनिटांत उरकतात. तेवढ्यातच ८० मुलं भरली की १६० मिनिटं लागतात. मग लहानांना पहाटे साडेचारला उठवतात किंवा त्यांची आंघोळ बुडते. खाटा जोडून लागतात, दोघांत एक चादर होते आणि खरूज येते. खाजवणाऱ्या दोन मुलांना मलम लावून ती जात नाही. पर्मेथ्रिन ५ टक्के मलम डॉक्टरांना विचारून सगळ्यांना एकाच रात्री लावावं लागतं, खाज नसलेल्यांना आणि सांभाळणाऱ्या ताईंनासुद्धा, मानेपासून तळपायापर्यंत. सकाळी आंघोळ, कपडे-पांघरुणं गरम पाण्यात, आणि आठवड्याने हे सगळं पुन्हा. एक जण सुटला तरी महिन्याभरात परत सगळ्यांना. एखाद्या बालगृहात खरूज वारंवार येत असेल तर औषधाआधी खाटा मोजा.

याउलट शाळा वाढली की मुलांना घरी जाता येतं. मूल परत पाठवायचं म्हटलं की पहिली अडचण तीच निघते: घरी गेलं तर शिक्षण सुटेल. शाळा आजूबाजूच्या गावांतल्या मुलांसाठी खुली असेल आणि बस असेल तर तेच मूल आजीकडे राहून त्याच वर्गात, त्याच बाकावर बसतं. म्हणून दुसरं शयनगृह बांधण्याआधी बस घ्या, असं माझं ठाम मत आहे. घराला हातभार म्हणून राज्य सरकारच्या बालसंगोपन योजनेचे महिना २२५० रुपये मिळवून द्यायचे. त्यासाठी आधार, रेशनकार्ड, उत्पन्नाचा दाखला, पालकाचा मृत्यू दाखला, बोनाफाईड आणि बँक खातं लागतं. हप्ते रखडतात, तेव्हा मधल्या महिन्यांचा किराणा संस्थेने भरावा. ही गोष्ट अंदाजपत्रकात आधीच धरलेली हवी, नाहीतर दिवाळीनंतर मूल पुन्हा दारात उभं.

बाहेरची मुलं आली की प्रार्थनेचा प्रश्न येतो. संविधानाच्या कलम २८(३) नुसार मान्यताप्राप्त किंवा अनुदानित शाळेत अल्पवयीन मुलाला पालकाच्या संमतीशिवाय धर्मशिक्षणाला किंवा उपासनेला बसवता येत नाही. प्रवेशाच्या वेळीच लेखी विचारा, आणि 'नाही' आलं तर त्या तासाला त्या मुलासाठी ग्रंथालय उघडं ठेवा. सक्तीने म्हणून घेतलेली प्रार्थना प्रभूला काय कामाची?

उदाहरण मात्र नेहमी पंडिता रमाबाईंचं दिलं जातं: पुणे जिल्ह्यातल्या केडगावला त्यांनी दोन हजारांच्या आसपास जीव सांभाळले, मग आम्ही दोनशे का नाही? अहो, त्यांचं शारदा सदन १८८९ मध्ये शाळा म्हणून सुरू झालं होतं. केडगाव भरलं ते १८९६-९७ च्या आणि १९०० च्या दुष्काळांत, मागे घरच उरलं नव्हतं तेव्हा. आणि तिथे छापखाना होता, माग होते, शेती होती. मुली हाताने काम शिकत होत्या. आज आपण घर असलेली मुलं आणतो. ही तुलनाच चुकते.

पैशाची घडीही बदलावी लागेल. 'एका मुलाचा खर्च उचला' या पद्धतीत मूल घरी गेलं की निधी बंद, म्हणजे मूल अडकवून ठेवण्यातच संस्थेचा फायदा. त्याऐवजी वर्ग, शिक्षक, बस यांसाठी मागा. परदेशी निधीत २०२० पासून प्रशासकीय खर्चाला २० टक्क्यांची मर्यादा आहे, पण शाळेतल्या शिक्षकांचे पगार त्यात धरत नाहीत. बालगृहाचा आणि शाळेचा हिशेब पहिल्या दिवसापासून वेगळा लिहा. नंतर वेगळा करताना प्रत्येक तांदळाच्या पोत्यावर वाद होतो. आणि मुलांचे फोटो, नावं, आईबापांच्या कहाण्या पत्रकात छापणं थांबवा. समितीपुढच्या मुलाची ओळख उघड करण्यावर बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ ने बंदी आहे, त्यात सहा महिने कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड होऊ शकतो.

ज्यांना खरंच परत जायला घर नाही, त्यांच्यासाठी जागा राखा आणि त्यांची अठराव्या वर्षाची तयारी चौदाव्यापासून करा. जन्मदाखला, आधार, शाळेचा दाखला यांतलं नाव अक्षरन् अक्षर जुळवा. वडिलांचा शाळा सोडल्याचा दाखला मिळत असेल तर आत्ताच मिळवा, जातीच्या दाखल्याला तो लागतो. ज्याला कोणीच नाही त्याचं अनाथ प्रमाणपत्र काढा. महाराष्ट्रात २०१८ पासून अनाथांना एक टक्का आरक्षण आहे. एकविसाव्या वर्षापर्यंत अनुरक्षणाची, म्हणजे संस्था सोडल्यानंतरच्या आधाराची, सोय कायद्यात आहे, पण मूल बाहेर पडण्याआधीच अर्ज झालेला बरा.