गोंडोलिन गुप्ततेमुळे बुडालं नाही

एल्फ या अमर लोकांच्या गोंडोलिन शहराचा राजा तुर्गोन भित्रा होता. भाऊबंद महाशत्रू मॉर्गॉथशी लढून मरत होते तेव्हा तो डोंगराआड लपून बसला, आत आलेल्यांना त्याने कोंडून ठेवलं, आणि शेवटी या लपवाछपवीनेच त्याचं शहर बुडालं. टॉल्किनच्या ‘सिल्मरिलियन’चा विषय निघाला की हा आरोप हमखास पुढे येतो. त्यातला जेमतेम एक धागा खरा आहे, आणि तोही आरोप करणारे धरतात तिथला नाही. (पुढची सगळी सालं टॉल्किनच्या कल्पित जगाच्या पहिल्या युगातली.)

आधी ‘लपून बसला’ हे घेऊ. 455 साली दागोर ब्रागोल्लाख या लढाईत मॉर्गॉथला रोखणारी एल्फांची उत्तरेची फळी फुटली तेव्हा तुर्गोनने सैन्य बाहेर काढलं नाही, हे मान्य. पण त्याने हातावर हात ठेवले नव्हते. सिरियन नदीच्या मुखाशी आणि बालार बेटावर गुपचूप माणसं पाठवून त्याने जहाजं बांधायला घेतली, कारण पश्चिमेच्या वालारांची, म्हणजे देवतुल्य शक्तींची, मदत आल्याशिवाय ही लढाई जिंकता येणार नाही हे त्याने ओळखलं होतं. आणि 472 साली, निर्नाएथ आर्नोएदियाद या मोठ्या लढाईच्या वेळी, तो कुणी न बोलावता दहा हजारांची फौज घेऊन रणांगणावर उतरला. सख्खा भाऊ फिंगोन यालाही तो येतोय याचा पत्ता नव्हता. ती लढाई हरली ती एल्फांच्या बाजूने आलेला मानव सरदार उल्दोर याच्या फितुरीने. तुर्गोन मागे फिरला तोही हूरिन आणि हुओर या मानव भावांच्या आग्रहावरून. सेरेखच्या दलदलीपाशी पिछाडी धरून त्यांनी त्याला वाट मोकळी करून दिली. हुओर तिथेच पडला, हूरिन जिवंत पकडला गेला.

इथे एक गोष्ट नीट पाहायला हवी. हजारोंची फौज उघड्यावर आली, लढली, परत गेली, आणि तरीही ती कुठून आली होती हे मॉर्गॉथला कळलं नाही. हूरिनला त्याने अठ्ठावीस वर्षं कैदेत ठेवलं ते मुख्यतः हे एक ठिकाण काढून घेण्यासाठी. ज्याच्या जागेसाठी शत्रू एवढा हट्ट धरतो, तो राजा शत्रूच्या हिशेबात भेकड नव्हता.

गुप्तता म्हणजे नुसतं दार लावून घेणं, असाही एक समज या आरोपामागे आहे. प्रत्यक्षात ती फार खर्चाची, चिवट व्यवस्था होती. गोंडोलिन जिथे उभं राहिलं ती तुमलादेनची दरी उल्मो या समुद्राच्या वालाराने दाखवल्यावर तुर्गोन लगेच तिकडे राहायला गेला नाही. 64 साली बांधकामाला हात घातला, निवडक कारागीर तेवढे पाठवले, आणि स्वतः समुद्रकाठच्या नेव्रास्त प्रांतात, विन्यामार या आपल्या आधीच्या ठाण्यातच राहून नेहमीचा कारभार चालवला. बावन्न वर्षं. 116 साली शहर पुरं झालं, तेव्हा तुर्गोनचा बाप फिंगोल्फिन याच्या नोल्दोर कुळातल्या एल्फांपैकी एक तृतीयांश आणि त्यांच्याहून जास्त सिंदार कुळातले एल्फ, बायकामुलं आणि सामानसुमानासह, टोळीटोळीने एरेद वेथ्रिन डोंगररांगेच्या सावलीतून हलवले. एकदम निघाले असते तर धूळ दिसली असती.

आत शिरायचा मार्ग एकच होता. आटलेल्या नदीच्या पात्रातून डोंगराखालून जायचं, मग घळीत एकामागून एक सात दरवाजे: लाकूड, दगड, कांसं, लोखंड, चांदी, सोनं, पोलाद. वर आकाशातून गरुडराज थोरोन्डोरच्या गरुडांचा पहारा. ओळख पटवायचीही सोय होती: निघताना तुर्गोनने विन्यामारमध्ये ढाल, चिलखत, तलवार आणि शिरस्त्राण ठेवलं होतं. पुढे उल्मोचा निरोप घेऊन येणारा ते अंगावर चढवून येईल, म्हणजे तो खरा. 495 साली हुओरचा मुलगा तुओर तसाच आला.

‘आत आलेल्यांना कोंडलं’ हा मुद्दा वरवर सगळ्यात जड वाटतो, पण आत आलेल्याने परत बाहेर जायचं नाही हा कायदा कशासाठी होता ते त्याच्या अपवादांतून दिसतं. 458 साली हूरिन आणि हुओर यांना गरुडांनी उचलून आत आणलं. वर्षभराने राजाने त्यांना जाऊ दिलं, कारण ते हवेतून आले होते आणि वाट त्यांना ठाऊक नव्हती. कायदा माणसांवर सत्ता गाजवायला नव्हता, वाटेचं ज्ञान बाहेर जाऊ नये म्हणून होता. हूरिनने ती वर्षभराची मैत्री कशी पाळली ते वर आलंच आहे.

उलट दुसरा अपवाद पाहा. बहीण अरेधेल हट्टाला पेटली, म्हणून 316 साली राजाने मनाविरुद्ध तिला बाहेर सोडलं. सोबत दिलेल्या शिबंदीपासून ती नान दुंगोर्थेब या भयाण दरीजवळ भरकटली, एओल या एल्फाशी लग्न झालं, आणि 400 साली मुलगा माएग्लिनला घेऊन ती परतली तेव्हा एओल तिच्या मागावर थेट दरवाजाशी पोहोचला. मायेपोटी सैल केलेल्या या एका गाठीतूनच पुढचा फितूर शहरात आला.

‘गुप्ततेने शहर बुडवलं’ म्हणणाऱ्यांनी क्रम तपासावा. सुटका झालेला हूरिन डोंगरपायथ्याशी तुर्गोनला हाका मारत उभा राहिला, त्यावरून मॉर्गॉथच्या हेरांना फक्त टापू कळला. नेमकी जागा आणि हल्ल्याच्या वाटा सांगितल्या माएग्लिनने. तोही डोंगरकड्याबाहेर जायला राजाची सक्त मनाई असताना खनिजांच्या शोधात बाहेर गेला आणि मॉर्गॉथच्या राक्षसी ऑर्क सैनिकांच्या हाती सापडला म्हणून. 510 साली उन्हाळी सणाच्या रात्री हल्ला उत्तरेकडून आला, जिथे डोंगर सर्वांत उंच म्हणून पहारा सर्वांत ढिला होता. सातवा, पोलादाचा दरवाजा माएग्लिनच्याच योजनेतून उभा राहिला होता. त्या दरवाजावर शत्रूला धडक द्यावीच लागली नाही. नियम मोडला, पहारा सुस्तावला, आपला माणूस फितूर झाला. यातलं एकही गुप्ततेचं अपयश नाही.

आता तो खरा धागा. 495 साली तुओरने उल्मोचा निरोप दिला: शहर सोडा, सिरियनच्या काठाने समुद्राकडे या. तुर्गोनने ऐकलं नाही, उलट गुप्त वाट बुजवून टाकली, आणि नार्गोथ्रोंड व दोरियाथ ही एल्फांची दुसरी राज्यं बुडाल्याच्या बातम्या आल्यावरही कान बंद ठेवले. ही त्याची चूक, आणि मोठी चूक. पण त्याच वर्षी त्याच उल्मोने नार्गोथ्रोंडला नेमकं उलट सांगितलं होतं: नारोग नदीवरचा पूल पाडा, दारं लावा. हूरिनचा मुलगा तूरिन याच्या सल्ल्याने तिथल्यांनी लपणं सोडून उघड युद्ध पत्करलं होतं आणि दारासमोर पूल बांधला होता. तो पाडला नाही, आणि मॉर्गॉथचा ड्रॅगन ग्लाउरुंग त्याच पुलावरून चालत आत शिरला. उल्मोचा आक्षेप लपण्याला असता तर हे दोन निरोप निघालेच नसते. गोंडोलिनची मुदत भरली होती, आणि स्वतःच्या हातांनी घडवलेलं शहर तुर्गोनला सोडवेना. यावर त्याला दोषी धरा, माझी काही हरकत नाही.

उरला ‘सगळं व्यर्थ गेलं’ हा शेरा. तुर्गोनची मुलगी आणि तुओरची बायको इद्रिल हिला माएग्लिनचा संशय होता. तिने शहरातून मैदानाखालून शहर ज्या टेकडीवर होतं त्या आमोन ग्वारेथच्या उत्तरेला निघणारा भुयारी मार्ग खोदवून घेतला, मोजक्यांनाच सांगितला आणि माएग्लिनच्या कानावर जाऊ दिला नाही. त्या रात्री जे थोडे वाचले ते याच भुयाराने, कारंज्यांच्या वाफेच्या धुक्याआडून निसटले. त्यांत तिचा सात वर्षांचा मुलगा एआरेन्दिलही होता. आजोबांनी ज्या मदतीसाठी जहाजांमागून जहाजं पाठवली आणि एकही पोहोचलं नाही, ती मागायला पश्चिमेच्या किनाऱ्यावर पुढे तोच उतरला.