त्या पोराला नको, मला जाब विचारा

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया आली त्या रात्रीच उत्तर लिहायला बसले होते, पण ते रागाच्या भरात लिहिलं गेलं असतं. म्हणून चार दिवस जाऊ दिले. मधल्या काळात त्या सामन्याच्या दोन्ही पंचांशी बोलले, स्कोअरशीट मागवून पाहिली. आता लिहिते.

इतर वाचकांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगते. हौशी बेसबॉल पंचांची स्थानिक संघटना कशी चालते यावर मी लिहिलं होतं. तुमच्या मते ही संघटना म्हणजे एकमेकांची पाठ राखणाऱ्यांचा कंपू आहे. तुमच्या मुलांच्या सामन्याला आम्ही मिसरूड न फुटलेला पंच पाठवला. त्याने दोन चुका केल्या. कोच बोलायला गेले तर ‘पंचांचा निर्णय अंतिम’ म्हणून त्यांना परत पाठवलं. लेखी तक्रार केली तर आमच्याकडून एका ओळीचं उत्तर गेलं, की निर्णयांविरुद्धच्या तक्रारी घेतल्या जात नाहीत. आणि शेवटी तुमची मागणी, की हा मुलगा आमच्या सामन्याला पुन्हा नको.

एक गोष्ट आधी कबूल करते. इनफिल्ड फ्लाय म्हणजे आतल्या मैदानात सहज झेलता येईल असा उंच उडालेला फटका; पंचाने तशी हाक दिली की झेल सुटला तरी बॅटर आउट. त्या बाबतीत तुमचे कोच बरोबर होते आणि आम्ही चूक होतो. पहिल्या बेसवर एकटाच रनर होता. हा नियम लागू व्हायला पहिला आणि दुसरा असे दोन्ही बेस भरलेले लागतात, किंवा तिन्ही, आणि दोनपेक्षा कमी आउट. फिल्डरने सोपा झेल मुद्दाम सोडायचा आणि बेसवर अडकून पडलेल्या दोन रनर्सना एकाच चेंडूवर टिपायचं, ही लबाडी बंद करण्यासाठी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हा नियम आला. पहिल्या बेसवर एकटाच रनर असेल तर धावणारा बॅटर पहिल्या बेसवर पोचतोच, दोन बळी सहसा मिळत नाहीत, म्हणून नियम तिथे लागूच नाही. त्या दिवशी पंचाने हाक दिली, तुमचा बॅटर ती ऐकून थांबला, झेल सुटला, तरी तो आउट धरला गेला. त्याचं चुकलं नाही. त्याने पंचाचं ऐकलं.

मात्र ती हाक प्लेट पंचाने, म्हणजे बॅटरच्या मागे उभ्या असणाऱ्या पंचाने, दिली होती. तुम्ही ज्या मुलाला दोष देताय, तो बेसवरचा पंच होता.

आता ‘निर्णय अंतिम’बद्दल. हे वाक्य मैदानावर सगळेच वापरतात आणि बहुतेक जण अर्धंच वापरतात, आमचे पंचसुद्धा. अधिकृत नियमपुस्तकात 8.02 या कलमात ते पूर्ण आहे. चेंडू स्ट्राइक की बॉल, रनर सेफ की आउट, फटका फेअर की फाउल, हे पंचाच्या नजरेचे निर्णय. त्यांवर हरकत घेता येत नाही. पण पंचाने नियमच चुकीचा लावला असेल, तर मॅनेजरला दाद मागण्याचा हक्क त्याच कलमात पुढे दिलेला आहे. तुमचे कोच इनफिल्ड फ्लायबद्दल बोलायला आले तेव्हा हा हक्क बजावत होते. पंचांनी दोन मिनिटं बाजूला जाऊन ‘बेसवर कोण होतं?’ एवढं एकमेकांना विचारलं असतं, तर चूक तिथल्या तिथे दुरुस्त झाली असती. आणि नंतर आम्ही लेखी उत्तरातही तोच गोंधळ घातला. तुमच्या पत्रात दोन तक्रारी होत्या, एक नजरेची, एक नियमाची. दोन्हींना एकच ओळ पाठवणं हा आळस होता. त्याची मला लाज वाटते.

नजरेची तक्रार पहिल्या बेसची. तिथे मी मुलाची बाजू घेणार आहे, पण तो बरोबर होता म्हणून नाही. त्याचा निर्णय बहुधा चुकलाच.

तिसऱ्या बेसकडून आलेला थ्रो होम प्लेटच्या अंगाला भरकटला, फिल्डरने शरीर ताणून तो घेतला, आणि तुम्ही म्हणता तसं त्याचं पाऊल बेसवरून सुटलं, म्हणजे धावणारा सेफ; मुलाने आउट दिलं. तुम्हाला बाकावरून ते लख्ख दिसलं, यावर माझा विश्वास आहे. पण मुलगा ज्या कोनातून पाहत होता तिथे फिल्डरचा देह मध्ये आला. दोनच पंच असले की अशी आंधळी जागा कुठे ना कुठे राहतेच. अमेरिकेतल्या व्यावसायिक मेजर लीगमध्ये नेहमीच्या सामन्याला चार पंच असतात, तिच्या अंतिम मालिकेला, वर्ल्ड सिरीजला, सहा. आमच्याकडे दोन, आणि कित्येकदा एकच. म्हणून तर बेस रिकामे असताना असा फटका गेला की प्लेट पंच मास्क काढून पहिल्या बेसच्या रेषेने धावत पुढे येतो. सुटलेलं पाऊल त्याला दिसू शकतं. पण न विचारता तो बोलू शकत नाही. ज्याचा निर्णय त्यानेच विचारायचं, असा नियम आहे. पाचामुखी परमेश्वर म्हणतात, आमच्याकडे दोनच मुखं असतात, आणि त्यातलं एक दुसऱ्याने विचारेपर्यंत बंद. मुलाने विचारलं नाही. का, असं मी त्याला विचारलं. म्हणाला, ‘विचारलं असतं तर सगळ्यांना वाटलं असतं, याला काही येत नाही.’

परवा संध्याकाळी त्याला मैदानावर घेऊन गेलो. आमच्यातल्या एका ज्येष्ठ पंचाने तिसऱ्या बेसवरून थ्रो टाकले, एक जण धावला, आणि हा पोरगा उभा राहिला. पहिल्या बेसवरचा निर्णय निम्मा डोळ्यांनी आणि निम्मा कानांनी द्यायचा असतो: नजर बेसवर आणि धावणाऱ्याच्या पावलावर, कान ग्लोव्हवर. चामड्यात चेंडू बसल्याचा आवाज आधी आला की पाऊल आधी पडलं? त्याचा कान चांगला आहे. खोट वेगळीच निघाली. आवाज आला रे आला की आउट द्यायला त्याची मूठ वर जात होती, चेंडू ग्लोव्हमध्ये टिकला का, पाऊल बेसवर आहे का, हे पाहायच्या आत. घाबरलेला पंच घाई करतो. ज्येष्ठ पंचाने त्याला सांगितलं, ‘हात मांडीवरून उचलायच्या आधी मनात एकदा पूर्ण खेळ परत बघ.’ विसाव्या थ्रोच्या आसपास तो थांबायला लागला. मग आम्ही मुद्दाम पाऊल सोडवलं. तो गोंधळला, वळला, आणि पहिल्यांदाच प्लेटकडे चालत जाऊन म्हणाला, ‘पाऊल दिसलं का?’ मला फार बरं वाटलं.

तुम्ही विचाराल, हे शिकवणं सामन्याआधी का झालं नाही? रास्त प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर माझ्या वहीत आहे. संघटनेत नेमणुका मी करते. दोन नवखे पंच एकत्र पाठवायचे नाहीत हा आमचाच नियम. त्या सामन्याला एक अनुभवी पंच ठरला होता, पण त्याचा स्वतःचा मुलगा समोरच्या संघात आहे असं आदल्या रात्री कळलं, म्हणून मीच त्याला काढलं. दुसऱ्या अनुभवी पंचाला ताप आला. रात्री अकरापर्यंत फोन केले. मग दुसऱ्याच हंगामात असलेल्याला प्लेटमागे टाकलं आणि पहिल्या हंगामातल्याला बेसवर. सामना रद्द करायला सांगायला हवं होतं, किंवा निदान दोन्ही कोचना आधी कल्पना द्यायला हवी होती. मी यातलं काहीच केलं नाही. मैदानावरची चूक सगळ्यांना दिसली, नेमणुकीची कोणालाच दिसली नाही, आणि शिव्या त्या पोराने खाल्ल्या.

फी घेता ना, असंही तुम्ही लिहिलंय. घेतो. त्या पोराने मास्क, चेस्ट प्रोटेक्टर आणि शिनगार्ड स्वतःच्या पैशांनी घेतलेत. पहिल्या हंगामाची फी त्यातच जाते.

तुमच्या मागणीला मात्र माझं उत्तर नाही असं आहे. कोणत्या संघाला कोणता पंच नको, हे आम्ही संघांना ठरवू देत नाही. एकदा ते सुरू झालं की पंच पुढची नेमणूक मिळेल असे निर्णय देऊ लागतो, आणि मग समोरच्या संघाला तुमच्यापेक्षा मोठी तक्रार असेल. दुसरं कारण त्या मुलाचं. २ जून २०१० ला डेट्रॉइटमध्ये मेजर लीगच्या सामन्यात पिचर (चेंडू टाकणारा) अर्मांडो गलारागाने सलग सव्वीस बॅटर आउट केले होते. सत्ताविसावाही पहिल्या बेसवर आउट होता, पण पंच जिम जॉइस यांनी त्याला सेफ दिलं आणि परफेक्ट गेम, म्हणजे समोरचा एकही बॅटर बेसवर पोचू न देता जिंकलेला सामना, गेला. तेव्हा व्हिडिओची मदत फक्त होमरनपुरती होती. जॉइस यांनी रीप्ले पाहिल्यावर चूक उघड मान्य केली, आणि दुसऱ्या दिवशी ते प्लेटमागे उभे राहिले. संघाची यादी त्यांच्या हातात द्यायला गलारागाच आला. वीसेक वर्षं मेजर लीगमध्ये काढलेल्या माणसालाही लगेच परत उभं राहावं लागलं. सतरा वर्षांच्या मुलाला मी महिनाभर घरी बसवलं तर तो परतच येणार नाही. अशी चांगली पोरं मी गमावलेली आहेत, आणि दर वेळी कारण मैदानाबाहेरून ऐकलेले शब्दच होते.

तेव्हा तो तुमच्या पुढच्या सामन्याला असेल, बेसवर. प्लेटमागे परवा थ्रो टाकणारे ज्येष्ठ पंच असतील. नियम चुकीचा लावल्याची लेखी तक्रार यापुढे आम्ही वेगळी घेऊ आणि तिला कारणांसह उत्तर देऊ. कार्यकारिणीने हे मान्य केलं आहे. इनफिल्ड फ्लायची चूक मान्य करणारं पत्र आज तुमच्या कोचच्या नावे पाठवलं आहे. प्लेट पंच म्हणत होता, सही मी करतो. सही मी केली आहे.