कुरडया आणि जर्मन तंबू

लोक जुनी नाणी जमवतात, त्यांना 'छंदिष्ट' म्हणतात. मी परदेशी सैन्यांचे जुने कॅमोफ्लाजचे कपडे नि सामान जमवतो, तर घरात माझं नाव भंगारवाला. स्विस सैन्याचा लालसर ठिपक्यांचा जुना डगला आणला, तेव्हा बायकोला कौतुकानं सांगितलं, की तिकडचे लोक या नक्षीला 'चार फळांचा पायजमा' म्हणायचे. ती म्हणाली, "चूक काय त्यांचं? जॅमच सांडलाय."

पण माझा खरा जीव जर्मन सैन्याच्या तंबूच्या कापडात. १९३१चा नमुना. तिकोनी, एक बाजू गडद, दुसरी फिकट, वर काचेच्या फुटक्या तुकड्यांसारखी टोकदार नक्षी, कडेनं धातूची बटणं. एकट्यानं पांघरलं तर रेनकोट, चौघांनी आपापलं जोडलं तर चौघांचा तंबू. (माझ्याकडे एकच आहे. उरलेली तीन आणणार नाही, असं बायकोनं वदवून घेतलंय.)

या धंद्यात नकली माल उदंड. म्हणून अंधारात यूव्ही टॉर्च मारून बघायचं: जुनं सुती कापड गप्प राहतं, हल्लीचा धागा बहुधा निळा चमकतो. मोरीचं दार लावून मी माझं तपासलं होतं. मिट्ट काळोख! ओल्या फरशीवर नाचताना पडता पडता वाचलो.

मग वैशाखात दोन दिवस गावाला गेलो. परत आलो तर गच्चीत माझं कापड पसरलेलं, तीन कोपऱ्यांवर तीन विटा आणि वर ओळीनं कुरडया.

"असलं जाड कापड हल्ली मिळत नाही बघ," आई म्हणाली. "पण काय कुबट वास रे! खायची वस्तू घालायची, म्हणून रात्रभर पावडरीत भिजवलं. दोनदा ब्रश मारला."

कोपऱ्यात कारखान्याचा शिक्का होता, सालासकट. तिथे आता एक कुरडई होती. ती उचलून पाहिली. खाली नुसतं कापड.

रात्री पुन्हा मोरीत शिरलो. टॉर्च लावला आणि कापड गणपतीतल्या रोषणाईसारखं निळंभोर पेटलं. कपडे पांढरे दिसावेत म्हणून पावडरीत जे घालतात, ते यूव्हीत चमकतं. अस्सल माल आता कुठल्याही जाणकारापुढे नकली ठरणार.

आईनं दार ढकलून आत डोकावलं.

"बघ, अंधारातसुद्धा कसं लख्ख दिसतंय! तुझा तो जॅमचा डगलाही काढून ठेव उद्या."